कापूस माझा वैरी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी सायकल आहे आणि माझं एका कापसाच्या ढिगाशी अजिबात पटत नाही.

मानवतजवळच्या एका गावात बन्सीधरनं मला नवी कोरी आणली, तेव्हा माझी पूजा झाली होती. रोज सकाळी तो मला पुसायचा. महाशिवरात्रीच्या जत्रेत मानवत रोड ते मानवत अशी सायकलींची शर्यत असे. ती आम्ही दोघं दरसाल पळायचो. जिंकायचो नाही, पण पोचायचो.

एका वर्षी दिवाळीनंतर माझ्यावरून जाताना बन्सीधर कापसाच्या गाडीच्या बैलाला धडकला. खाटेवर पडलेल्या पोराला त्याची आई धुरपताबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बैल उठून चालाय लागला, तू अजून पडूनच हायस. जत्रेपत्तर हिला हात लावायचा न्हाई. आन् यंदा शर्यत पुरी झाली न्हाई, तर ही भंगारात!"

"अगं आये, मग पाय कसे तयार व्हायचे?"

"घरात कापूस तुंबलाय. तुडव की."

भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा, तर तो तुडवून दाबावा लागतो, नाहीतर खोलीत मावत नाही. बन्सीधर खोलीत शिरला. मी दाराबाहेर भिंतीला टेकून बघत होते. कापसात गुडघ्यापर्यंत रुतायचं, पाय उपसायचा, पुन्हा रुतायचं. कडाक्याच्या थंडीत त्याला घाम फुटायचा. तो कापसाला हसून म्हणायचा, "लय जोर हाय रे तुझ्यात!" मला असं कधी म्हणाला नव्हता.

मला विचाराल, तर कापसाला ना घंटी, ना ब्रेक. नुसता पडून राहतो. तरी येणारा-जाणारा म्हणायचा, "पोराच्या पिंढऱ्या बघा, कापसानं कशा दगडासारख्या केल्या!" आणि माझ्या हँडलवर कोळी संसार थाटत होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी बन्सीधरनं मला हवा भरली, कोळ्याला हाकललं. साखळीकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्यासारखीच आतून जळत होती. त्या जळण्याला गंज म्हणतात.

निशाण धरलेले भगवानराव ओरडले, "सायकल आन् माणूस, दोघंबी पोचले पाहिजेत!" आम्ही निघालो. काय ते पाय, मित्रांनो! सगळ्यांच्या पुढे! आणि अर्ध्या वाटेत साखळी तुटली.

मला भंगारवाल्याचा तराजू दिसू लागला. बन्सीधरनं एकदा साखळीकडे पाहिलं, मला उचलून खांद्यावर टाकलं आणि तो पळत सुटला. कोण कुणावर बसायचं, हे भगवानराव बोललेच नव्हते. आम्ही शेवटून दुसरे आलो. मागे फक्त तात्याराव होते. ते चहाला थांबले होते.

"पोचली बया!" धुरपताबाई ओरडली. माझं भंगार टळलं. मी मान ताठ केली. तेवढ्यात ती म्हणाली, "कापसानं तारलं गं माय!"

बन्सीधरचा खांदा सोलला होता. घरी येताच तिनं माझ्या मधल्या दांडीला मऊ गादी शिवली. "पुन्हा खांद्यावर घ्यायची येळ आली, तर रुतायला नगं."

गादीत काय भरलं, ते सांगायला नको.

तेव्हा मित्रांनो, थंडीत घरात खुशाल घाम गाळा. पण बाहेर भिंतीला टेकलेल्या सायकलीच्या साखळीला दोन थेंब तेल घाला. नाहीतर तिला माझ्यासारखं जन्मभर सवत पोटाशी बांधून फिरावं लागेल. आणि वाईट याचं वाटतं, की थंडीत त्या सवतीचीच ऊब लागते.