आठ ओळींची आरू

दिवसकार्य उरकलं, शेवटचे पाहुणे टेम्पोत बसून बेल्ह्याकडे गेले आणि गोरखदादा पहिल्यांदा बोलला. मला बोलला ते तरी काय, तर, "हर्षे, आरूची गेम झाली का?"

प्रतिभावहिनी ओट्यापाशी होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आरू त्या दोघांची मुलगी, पाच वर्षांची. उसाच्या कडेला, भर सकाळी, बिबट्यानं नेली. दादा तेव्हा तिच्यासोबत होता. त्या दिवसापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. पोलिसांपुढे नाही, चॅनलवाल्यांपुढे नाही, वहिनीपुढेही नाही. वहिनी रोज एकच विचारायची, कसं झालं ते सांगा. तिला तेवढंच हवं होतं. तो उसाकडे बघत बसायचा. मला तर त्याचा राग यायचा. दुःख काय त्या एकट्यालाच झालं होतं?

गेमचं असं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या मशीनवर चालतील असे खेळ लिहिते. ऑफिसातले लोक गड चढायला आमच्या जुन्नरकडे येतात, मी खोलीत बसून हे करते. आम्ही लहान असताना अप्पांनी, आमच्या वडिलांनी, आळेफाट्याच्या एका हॉटेलवाल्याकडून दांडी हलवून खेळायचा टीव्ही गेम आणला होता. तो आणि त्याच्यासोबतचा डबा टीव्ही अजून चालतो. आरूला त्याचं भारी वेड. दिवाळीत तिनं मला फर्मावलं होतं, "आत्या, माझी गेम कर. मी आन् बिबट्या. पळापळी." आमच्याकडची पोरं खेळात ज्याच्यावर राज्य येतं त्याला बिबट्याच म्हणतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पळापळी म्हणजे ती पुढे, तो मागे, घर गाठलं की सुटली. यात आणखी विचारायचं काय? मी ती अर्धी लिहूनही ठेवली होती.

आता ती गेम पुरी करायची म्हणजे जखमेवर मीठ, असं माझं मत. मी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "करा. तेवढ्यानं तरी ते बोलतील."

मग मी लॅपटॉप उघडून बसले. एक बदल आधी केला. बिबट्यानं गाठलं तरी आरूला काही होणार नाही, दोघं आपापल्या कोपऱ्यात परत जातील. ते जमलं. मग टीव्हीवर लावून पाहिलं, तर आरू खाली डोकं वर पाय. बिबट्याही तसाच, उताणा. कारण साधं होतं. हे जुनं मशीन चित्र ओळीओळीनं रंगवतं आणि ओळी मोजतं उलट्या, शून्याकडे येत. त्याला ते सोपं पडतं. भाकरीच्या चळतीतली शेवटी ठेवलेली भाकरी आधी हाती येते, तसं ते शेवटची ओळ आधी उचलतं. मी डोक्यापासून पायांपर्यंत ओळी लिहिल्या होत्या. त्या उलट्या क्रमानं ठेवायच्या, एवढंच काम. मी घाईघाईनं ओळी उलटवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, चालवला, गेमचं कार्ड मशीनमध्ये खोचलं. आरू सरळ उभी राहिली. आठ ओळींची, दोन शेंड्यांची.

मी एकदा खेळून तपासणार होते. पण दादा उठून आला आणि त्यानं हात पुढे केला. इतक्या दिवसांत त्यानं पाण्याच्या तांब्यालासुद्धा आपणहून हात लावला नव्हता. थांब, तपासते, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मी दांडी त्याच्या हातात दिली. वहिनी दारात उभी राहिली, आत आली नाही.

त्यानं दांडी ढकलली आणि बिबट्या हलला.

आरू नव्हे, बिबट्या. दादाच्या हातात बिबट्या होता आणि दुसऱ्या कोपऱ्यातून आरू शेंड्या उडवत त्याच्या अंगावर धावत येत होती. काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. फाइलीत वर आरू होती, खाली बिबट्या, दोघंही आठ-आठ ओळींचे. एकेक चित्र वेगळं उलटवायचं सोडून मी सगळी चळतच उलटी केली होती. चित्रं सरळ झाली, पण त्यांच्या जागांची अदलाबदल झाली. माझ्यासारख्या शहाणीनं ही चूक करावी आणि तीही आज! मी बंद करायला पुढे झाले, तर दादानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

त्यानं दांडी सोडून दिली. बिबट्या जागच्या जागी थांबला. आरू धावत आली, त्याला शिवली आणि दोघं परत आपापल्या कोपऱ्यात गेले. पुन्हा ती धावत आली. दादा तसाच बसून राहिला, तिला येऊ देत.

"आंगणात असंच खेळायचो," तो टीव्हीकडे बघत म्हणाला. "मी बिबट्या व्हायचो, पाठीवर गोधडी घिऊन. ती वरडत आंगावर यायची आन् मी पळायचो. लई हसायची. त्या दिशी त्यो उसातनं भाईर आला. मी म्हनलं, आरू, माघारी फिर. ती माघारी नाय फिरली. त्याच्याकडंच पळाली, हसत. तिला वाटलं, त्यो पळंल."

टीव्हीवर आरू पुन्हा शिवली. माझा त्याच्यावरचा राग कुठच्या कुठे गेला; त्याच्या जागी काय आलं ते मला अजून सांगता येत नाही. मी दाराकडे बघितलं नाही, हिंमत झाली नाही.

"हर्षे, नीट कर ही," दादा म्हणाला. "तिला पळायला शिकव."

मी नीट केली. आरूच्या आठ ओळी वेगळ्या उलटवल्या, बिबट्याच्या वेगळ्या. या वेळी दोनदा तपासलं. कार्ड खोचलं. आता आरू दांडीच्या हुकमात आणि बिबट्या तिच्या मागे.

तेवढ्यात वहिनी आत आली. दादाकडे न बघता ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली आणि तिनं दांडी उचलली. तिनं आयुष्यात ती कधी हातात धरली नव्हती. आरू दोनदा बांधाला अडकली, बिबट्या जवळ आला, वहिनीचे ओठ पांढरे पडले. मग आरू सुटली, घरापाशी पोचली, दार उघडलं आणि मिटलं. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. वहिनीनं पुन्हा तिला घरी आणलं.

दादानं हात पुढे केला, "मला दे, एकदा."

तिनं दिली नाही.