भांडारबाईंचा प्रस्ताव

रसायनशास्त्र विभागाचं भांडार ज्या बाई सांभाळायच्या, त्यांना सगळं विद्यापीठ भांडारबाई म्हणायचं. वय चौपन्न. आम्लाच्या बाटल्या, काचेच्या नळ्या, हातमोजे, सगळं त्यांच्या किल्लीखाली. दोन किलोमीटरवर नवी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा तिथल्या भांडाराची किल्लीही त्यांच्याच गळ्यात पडली. रोजच्या दोन खेपांनी वर्षभरात गुडघा कुरकुरायला लागला.

मग त्यांनी प्रस्ताव लिहिला. चार पानांचा. विजेवर चालणाऱ्या वीस स्कूटर, आवारात पाच थांबे. ओळखपत्र टेकवलं की कुलूप उघडणार, काम झालं की कुठल्याही थांब्यावर गाडी सोडायची. चार्जिंग कुठे, हेल्मेट कोण पुसणार, सगळं लिहिलं होतं. विभागप्रमुखांनी सही केली आणि प्रस्ताव समितीपुढे गेला.

समितीचे प्रमुख कुलसचिव. ते म्हणाले, "बाई, कागद चोख आहे. कंपनी एक गाडी पाठवतेय. बुधवारी तुम्हीच चालवून दाखवा. तुम्हाला जमलं की बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद."

"हो," भांडारबाई म्हणाल्या.

त्यांना साधी सायकलही येत नव्हती.

संध्याकाळी त्यांनी हे सुनेला सांगितलं. सून दवाखान्यात कामाला होती आणि रोज स्कूटरवरून जायची. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आई, लिहिताना हे लक्षात नाही आलं?"

"लिहिताना मी चालवतेच आहे असं वाटत होतं गं."

राहत्या इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात सुनेच्या स्कूटरवर शिकवणी सुरू झाली. सून मागून धरायची आणि ओरडायची, "पाय वर घ्या! नजर समोर!" तिसऱ्या दिवशी भांडारबाई आडव्या झाल्या, कोपर सोललं. सुनेने जखम धुतली आणि म्हणाली, "उद्या लांब बाह्यांचं घाला." एवढंच. सासूने रडायची तयारी केली होती, ती राहूनच गेली.

मंगळवारपर्यंत सरळ जाणं जमलं. ब्रेकही जमला. वळण मात्र काही केल्या जमेना.

बुधवारी मुख्य इमारतीसमोर समिती उभी राहिली, बघे जमले. भांडारबाईंनी हेल्मेट घातलं, मूठ हलकेच पिरगाळली आणि ग्रंथालयापर्यंत नाकासमोर गेल्या. तिथे थांबून उतरल्या, दोन्ही हातांनी ढकलत गाडीचं तोंड फिरवलं, पुन्हा बसल्या आणि परत आल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"वळवली का नाही?" कुलसचिवांनी विचारलं.

"येत नाही. आठवड्यापूर्वी बसताही येत नव्हतं."

"मग प्रस्ताव कशाला लिहिलात?"

"चालून चालून थकले म्हणून."

कुलसचिव काही बोलणार, तेवढ्यात समितीतले ग्रंथपाल खाकरले. पन्नाशी उलटलेला, भरदार मिशांचा माणूस. "मलाही येत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या घरी सांगू नका." या वेळी सगळेच हसले, आणि लेखा विभागातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "मलाही."

समितीने प्रस्ताव मंजूर केला. विसाच्या दहा गाड्या केल्या आणि एक कलम वाढवलं: ज्यांना येत नाही, त्यांना आधी शिकवायचं. शिकवायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा भांडारबाईंनी सुनेचं नाव सांगितलं. तिला न विचारताच. त्यावरून घरी दोन दिवस अबोला झाला.

तरी रविवारी सकाळी सून आली. नावं दिलेली एकोणीस माणसं वाहनतळावर उभी होती. बहुतेक पन्नाशीपुढची, काही विद्यार्थी. तिने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. पदार्थविज्ञानाच्या ज्येष्ठ प्राध्यापकांवर ती खेकसली, "सर, जमिनीत काय शोधताय?" ते निमूटपणे समोर बघू लागले. ग्रंथपाल दुसऱ्याच रविवारी तयार झाले. भांडारबाईंना वळायला चौथा रविवार उजाडला.

नंतरच्या सोमवारी त्या नेहमीच्याच वेळी निघाल्या आणि पहिल्यांदा एकट्या स्कूटरवरून नव्या प्रयोगशाळेत गेल्या. एरवी अर्धा तास लागायचा, सहा मिनिटांत पोचल्या. इमारतीचं दार अजून उघडलेलं नव्हतं. त्यांनी गाडी थांब्यावर लावली आणि पहारेकरी येईपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.