राजपत्रित म्हणजे कोण

“हरिश्चंद्र, हे फारच समजतंय हो,” प्राचार्य प्रवेशाच्या सूचनेचा कागद लांब धरत म्हणाले. “कॉलेजचा दर्जा काय राहील?”

हरिश्चंद्र कॉलेजचे हेडक्लार्क. सव्वीस वर्षं त्यांनी कुणालाही न समजणाऱ्या सूचना लिहिल्या, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मागच्या जूनमध्ये मात्र मंडणगडची एक मुलगी, शमिका, पाच तास एसटीत बसून प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीशी पोचली. दाखल्यांच्या प्रतींवर पोस्टमास्तरांचा शिक्का. सूचनेत ‘राजपत्रित अधिकारी’ होतं. तिचा हिशेब सरळ होता: राज म्हणजे सरकार, आणि सरकारची पत्रं पोस्टात. हरिश्चंद्रांना यात खोट काढता आली नाही. पाच वाजले, खिडकी बंद झाली. मुलगी गेली ती गेलीच.

म्हणून यंदा, २००२ साली, कॉलेजची वेबसाइट निघाली, तेव्हा प्रवेशाचं पान त्यांनी मागून घेतलं. दहा दिवस खपून लिहिलं. ‘विहित नमुना’ जाऊन ‘खिडकीवरचा पिवळा फॉर्म’ आला. ‘राजपत्रित म्हणजे हिरव्या शाईने सही करणारे साहेब. तहसीलदार चालतात. पोस्टमास्तर भला माणूस, पण चालत नाही.’

“पोस्टमास्तरांनी तुमचं काय वाकडं केलंय?” प्राचार्यांनी विचारलं. पण तपासणी समिती येणार होती आणि कॉलेज विद्यार्थ्यांच्या सोयीचं आहे असं तिला दाखवायचं होतं, त्यामुळे सही झाली.

पान वेबसाइटवर चढलं त्या संध्याकाळी हरिश्चंद्र स्टँडजवळच्या गनीच्या सायबर कॅफेत गेले. पान उघडलं. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच एक पौंडाचं चिन्ह.

“फॉन्ट नाय काका,” गनी म्हणाला. “ज्याच्याकडं तो फॉन्ट, त्यालाच मराठी दिसनार.”

“कुणाकडे आहे?”

“तुमच्या प्राचार्यांकडं असंल.”

शेजारी महरीन नावाची एक मुलगी तेच पान वहीत उतरवत होती. चौकोन, चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह, पौंड. अक्षर वळणदार होतं.

“काही कळतंय का यातलं?” त्यांनी विचारलं.

“नाय. पन कॉलेजचा हाय ना सर, असाच असतो. घरी कोनीतरी लावंल अर्थ.”

हरिश्चंद्रांनी खुर्ची ओढली, चष्मा काढून खिशात ठेवला. “पान उलट. लिही.”

पडद्याकडे न बघता ते सांगत गेले. फॉर्म कुठे मिळतो, कुठल्या प्रती लागतात, सही कुणाची.

“तुमाला पाठ हाय सर?”

“लिही. सोबत दोन फोटो. फोटोत हसलात तरी चालेल.”

तिचं पेन थांबलं. “हे पन हाय त्याच्यात?”

“आहे,” ते म्हणाले, आणि तिचं लिहून होईपर्यंत थांबले.