वर कळवलंय

आमच्या शाळेला वरचा मजला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मधेच कोणीतरी विचारेल आणि माझं डोकं फिरेल. मजला नकाशात आहे, गेटवरच्या पाटीवर आहे, हेडसरांच्या दरवर्षीच्या भाषणात आहे. छपरावर मात्र नुसत्या सळया उभ्या आहेत, गंजून तांबड्या झालेल्या.

काम का थांबलं हे कोणी कोणाला सांगेल तर शपथ. ठेकेदार म्हणतो, नवा नकाशा आला नाही. इंजिनियर म्हणतात, नकाशा केव्हाच पाठवला. हेडसर म्हणतात, मला कोण विचारतो? कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. फक्त शेवटचं वाक्य तिघांचं एकच असतं, ‘वर कळवलंय.’

माझी सातवी नेमकी त्या छपराखाली भरायची. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी त्याच वर्गात. घरी ती मला मावशी म्हणते, शाळेत बाई. हा नियम मीच घातलाय, वर्गात लाड नकोत म्हणून. प्रश्न विचारून भंडावून सोडते, त्यामुळे मुलांनी तिचं नाव ‘शंका’ ठेवलंय. बहीण नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा म्हणाली होती, ‘ताई, तुझ्या जिवावर सोडून चाललेय हिला.’

एकदा अपूर्णांक शिकवत होते. डोक्यावर बाक सरकले. एकच नाही, ओळीनं. मुलं उभी राहून पुन्हा बसली की सरकतात तसे. वरून सिमेंटची भुकटी शंकाच्या वहीवर पडली.

‘बाई, वर वर्ग भरलाय,’ ती म्हणाली.

‘वर कावळे आहेत. गणित सोडव.’

‘कावळे पाढे म्हणतात?’

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण पाढे मलाही ऐकू येत होते.

मग स्लॅबला चीर दिसली. ती शंकाच्या बाकाकडे चालली होती. मी तिची जागा बदलली, तर आठवड्याभरात चीरही वळून तिथे आली. मी हेडसरांकडे गेले. माणूस सज्जन आहे, पण त्या सज्जनपणाचं काय लोणचं घालायचंय? ते म्हणाले, ‘वर्ग हलवायला परवानगी लागते, बाई. वर कळवलंय.’ मी थेट इंजिनियरांना फोन लावला. तेही तेच म्हणाले.

‘वर म्हणजे कुठे, साहेब?’ मी विचारलं.

अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, ‘खरं सांगू का मॅडम, ते मलाही कोणी सांगितलेलं नाही.’

शंका रोज विचारायची, ‘बाई, वरून काही कळलं?’ मी म्हणायचे, ‘विचारते. कळलं की सांगते.’

शेवटी एका दुपारी मुलांना उतारा लिहायला देऊन मीच जिना चढले. जिन्याच्या तोंडावर फळी ठोकलेली होती, तिच्याखालून वाकून गेले. वर वाळूचा ढीग, फुटकं घमेलं आणि सळया. चिटपाखरूही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

आणि बाक सरकले. पायाखाली नाही, डोक्यावर. मी वर पाहिलं. वर उघडं आभाळ होतं, लख्ख ऊन होतं, आणि त्या उन्हातून बाक ओढल्याचा आवाज येत होता. मुलांची कुजबुज येत होती. मग एक थकलेला, बाईमाणसाचा आवाज म्हणाला, ‘गप्प बसा रे. वर कळवलंय मी. उत्तर आलं की सांगते.’ शेवटच्या तासाला माझाही आवाज अगदी तसाच निघतो.

‘कधी येणार, बाई?’ एका मुलानं विचारलं.

तेवढ्यात पायाखालून, स्लॅबच्या पलीकडून, शंकाचा आवाज आला. ‘मावशी? वरून काय सांगितलं?’

शाळेत तिनं मला मावशी म्हटलं होतं. भ्यायली होती पोर. आणि तिच्या डोक्यावर, वर, दुसरं कोण होतं? मीच होते. मी एक पाऊल मागे घेतलं, तर सगळा स्लॅब पायाखाली लवला.

कशी खाली आले ते देवाला माहीत. ‘दप्तरं राहू द्या. सगळे मैदानात चला.’

मुलं बाहेर पडली तसे हेडसर धावत आले. ‘बाई, कोणाच्या परवानगीनं? वरून अजून काही...’

‘मी वर जाऊन आले, सर. परवानगी देणारं तिथे कोणी नाही. तेही सगळे वाटच बघतायत.’

त्यांना वाटलं, मला ऊन लागलं. माझ्याकडे दुर्लक्ष करून ते मुलांना म्हणाले, ‘चला रे, आत चला.’ मुलं बिचारी शहाणी, वळलीसुद्धा. शंका सगळ्यांत पुढे होती. मी तिचं मनगट धरलं आणि दारात आडवी उभी राहिले. ‘माझ्या अंगावरून जावं लागेल, सर,’ मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला विचारून बोलत नव्हते.

आम्ही तसेच उभे असताना वर्गात तो आवाज पुन्हा झाला, या वेळी सगळे बाक एकदम. मी मुलांना मागे रेटलं आणि स्लॅब खाली आला.

कोणाला खरचटलंही नाही. हेडसर मैदानात फतकल मारून बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं, पण मी शंकाला सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी ढिगारा उपसला. आमचे लोखंडी पायांचे बाक वाकून पडले होते. त्यांच्यावर, स्लॅबच्या तुकड्यांच्याही वर, लाकडी बाक होते. आमच्याकडे लाकडी बाक कधीच नव्हते. बसून बसून गुळगुळीत झालेले, कर्कटकानं नावं कोरलेले. मी एकेक नाव वाचलं. त्यातलं एकही मूल आमच्या शाळेत नव्हतं.

शंका माझ्याजवळ आली. ‘मावशी, त्यांच्या बाईंनी त्यांना बाहेर काढलं असेल ना?’

‘विचारते’ म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं.