मनाचा विटाळ

यमुनाबाईंनी पेजेचं भांडं हातात घेतलं नाही. उंबऱ्याशी ठेव, अशी बोटाने खूण केली आणि दमयंती मागे सरल्यावर ते पुढे ओढून घेतलं.

दमयंती पाहत राहिली. साठी उलटलेल्या बाईने असं बाजूला बसण्याचं कारण तिला कळेना. वळकटी इतर सामानापासून दूर, कोपऱ्यात होती. पाण्याचा तांब्याही वेगळा.

"मावशी, हे काय? शिवाशिव कधीच सोडलीत ना तुम्ही?"

"ती माणसांची गो. ही निराळी." यमुनाबाई पेजेकडे बघत म्हणाल्या. "मन विटाळलंय माझं. सकाळी उठलं की छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं. प्रार्थनेला बसावं तर शब्द फुटत नाही. असलं मन घेऊन प्रभूच्या ताटाला हात लावायचा?"

"म्हणून गेल्या दोन्ही महिन्यांत प्रभुभोजन घेतलं नाहीत?"

"निवळलं की घेईन."

दमयंतीला इथे ख्रिस्ती मंडळीच्या कारभारातल्या भिकाजीरावांनी पाठवलं होतं. महिन्यातून एकदा देवळात पाव आणि प्याला वाटून घ्यायचं प्रभुभोजन लागोपाठ तिसऱ्यांदा चुकलं की मंडळीच्या यादीतून नाव गळायचं, आणि नाव गळलं की मिशनच्या आवारातली ही खोलीही जायची. तिसरं प्रभुभोजन उद्या होतं. आगबोटी ज्येष्ठातच बंद झाल्या होत्या; खोली गेली तर नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईचाही रस्ता नव्हता. केळशीला यमुनाबाईंचा भाऊ होता, पण त्याने बहिणीचा बाप्तिस्मा झाल्याचं कळताच तिच्या नावाने आंघोळ केली होती.

"मन निवळण्याची वाट कशाला बघता? प्रभूवर विश्वास ठेवावा, म्हणजे आनंद आपोआप येतो," दमयंती म्हणाली. वाक्य पाठ होतं. दर बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत आपल्या विश्वासाची साक्ष देताना ती जवळजवळ हेच बोले.

"तुला येतो गो. बुधवारी तू बोलायला लागलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघत बसते. मनात म्हणते, विश्वास असला की असं दिसतं माणूस." यमुनाबाईंनी मान वर केली. "खरं सांग हां. तुला कधी होतं का असं?"

कौलांवरून पाण्याची धार सारखी पडत होती. दमयंती मिशनच्या अनाथालयात वाढली होती आणि आता तिथल्याच शाळेत मुलींना गणित शिकवत होती. या आवाराबाहेर तिचं घर नव्हतं. बायका मुलींना सांगायच्या, दमयंतीबाईंसारखं हसतमुख राहावं. रोज सकाळी दार उघडण्याआधी ती आरशासमोर थांबून चेहरा नीट करी.

"नाही," ती म्हणाली.

"तेच तर." यमुनाबाईंनी भांडं परत उंबऱ्याकडे सरकवलं. "खोट माझ्यातच आहे."

खोलीवर परत येऊन दमयंतीने दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनात द्राक्षारस म्हणून द्यायच्या प्याल्यासाठी काळ्या मनुका भिजत घातल्या. त्या फुगल्या, कुस्करून गाळायची वेळ झाली, तरी ती पातेल्यासमोर बसून होती.

रविवारी यमुनाबाई आल्या, पण आत आल्या नाहीत. मिशनच्या देवळाच्या पडवीत तरट टाकून दाराशी बसल्या. भिकाजीरावांनी वळून पाहिलं आणि प्रार्थना चालवणाऱ्या पाळक आत्मारामपंतांच्या कानाशी लागले.

पावाच्या तुकड्यांचं ताट चटयांवरून पुढे सरकू लागलं. ते समोर आलं तेव्हा दमयंतीने दोन्ही हातांनी धरलं आणि तुकडा न घेता शेजारच्या मालनबाईंकडे दिलं.

"अहो बाई, तुमचा राहिला," मालनबाई कुजबुजल्या.

दमयंती उठली. चटयांमधून वाट काढत, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन ती पडवीत गेली आणि तरटाच्या कडेला बसली. यमुनाबाई अंग चोरून सरकल्या.

"अगो, शिवशील!"

"शिवू दे. माझंही तसंच आहे, मावशी."

"तुझं? कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आणि बुधवारी बोलत होतीस ते?"

दमयंती तरटाचा सुटलेला दोरा ओढत राहिली. यमुनाबाईंनी तिचा चेहरा बराच वेळ निरखला. काल त्यांनी विचारलेला प्रश्न बहुधा त्यांना आठवला असावा. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मेले, सांगायचंस की नाही!"

आत्मारामपंत ताट घेऊन दाराशी आले. त्यांच्यामागे भिकाजीराव उभे. पंतांनी ताट यमुनाबाईंसमोर धरलं.

"आधी हिला द्या. पोर शिमग्यापासून मनाने उपाशी आहे."

"अहो, पण तुमचं—" भिकाजीराव म्हणाले.

"माझं राहू दे हो."

ताट वळलं. दमयंतीचे हात मांडीवरून हलेनात. यमुनाबाईंनी वाट पाहिली, मग चिडून स्वतःच ताटातला तुकडा उचलला, मोडला आणि अर्धा चिमटीत ठेवून अर्धा तिच्या तळहातावर दाबला.

"खा. मन निवळायची वाट बघशील तर शिळा होईल."

दमयंतीने तुकडा तोंडात घातला. छातीवरचं ओझं हललं नाही. पाव कोरडा होता. तिला तो घशाखाली ढकलावा लागला. मग तिने शेजारी पाहिलं. यमुनाबाईंची चिमूट रिकामी होती आणि बोळकं सावकाश हलत होतं.