हललेले फोटो

वसमतच्या सिद्धार्थनगरात सोनाजी पाईकरावच्या कॅमेऱ्याची जेवढी कीर्ती झाली, तेवढी खुद्द सोनाजीची कधी झाली नाही. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं त्यानं पाटाच्या कडेकडेनं सायकल हाणली, त्याबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. रिटायर झाल्यावर मात्र त्यानं नांदेडहून तळहातावर मावेल एवढा काळा कॅमेरा आणला, अन् महिन्याभरात विहारातल्या भंतेजींपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळे त्याला हटकू लागले, "पाईकराव साहेब, काय नवीन?"

दिसायला साबणाच्या डबीएवढाच तो. पण बटण दाबलं की त्याची नळी सरसर पुढं यायची अन् लांबची वस्तू पार नाकाशी आणून ठेवायची. घरी आलेल्या पाहुण्याला सोनाजी आधी अंगणात उभा करायचा. "ती पाण्याची टाकी दिसून राहिली का? तिच्यावरचा कावळा बघा. डोळा बघा त्याचा, डोळा!" कावळ्याचा डोळा बघून वा वा म्हटल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळायचा नाही. मिळाला तरी तो गार झालेला असायचा.

कॅमेऱ्याचं दुखणं एकच. लांबचं जवळ ओढलं की हात जरा जरी हलला तरी फोटो थरथरायचा. दुकानदारानं तीन पायांचं स्टँड दाखवलं होतं, पण प्रवासात ते लोढणं कोण वागवणार? सोनाजीनं आपल्यापुरता तोडगा काढला. बायको पद्माबाई उंचीनं त्याच्या हनुवटीएवढी. तिला पुढं उभी करायची अन् तिच्या उजव्या खांद्यावर कॅमेरा टेकवायचा. "हलू नको. श्वास धर." पद्माबाई श्वास धरायची. खट्‌ असा आवाज आला की सोडायची.

"फुकटचं स्टँड हाय, अन् सोताच्या पायानं चालतंय," असं तो चारचौघांत सांगायचा, अन् पद्माबाई तोंडाला पदर लावून हसायची. ते हसणं खोटं नव्हतं. साखऱ्याचं माहेर अन् वसमतचं सासर सोडून तिनं जग बघितलंच नव्हतं. ह्या कॅमेऱ्याच्या नादानं ती सांची, सारनाथ, बोधगया, राजगीर, अजिंठा सगळं फिरली. खांद्याच्या बदल्यात तिला हा सौदा स्वस्त वाटत होता.

कधीमधी म्हणायची, "माझा बी एक काढा की हो."

"अगं, जवळचं काय कुणी बी काढतंय मोबाईलवर. हे लांबचं काढायला घेतलंय." सोनाजीच्या बोलण्यात तिळमात्र कपट नव्हतं. घरातलं माणूस घरी रोज दिसतंच. एवढा खर्च करून सांचीला जायचं ते काय तिचं तोंड बघायला?

आणि मग भाद्रपदातल्या एका मंगळवारी सकाळी, अंगणात मेथी निवडता निवडता, पद्माबाई आडवी झाली ती उठली नाही.

दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी कागद बघत विचारलं, "हृदय वर्षभरापासून कमजोर झालेलं दिसतंय. धाप लागत असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"न्हाई साहेब," सोनाजी म्हणाला. "तिनं कधी सांगितलंच न्हाई."

तो खोटं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, अन् त्याच्या आधारावरच तो पहिले चार दिवस उभा राहिला. भेटायला येईल त्याला तेच सांगायचा: तिनं सांगितलंच न्हाई हो, एका शब्दानं सांगितलं असतं तर उचलून मुंबईला नेली असती. लोक माना डोलवायचे. पुण्याहून आलेली लेक करुणा मात्र मान डोलवायची नाही. ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स. रोज शेकडो आजारी माणसं बघायची, अन् स्वतःच्या आईचं दुखणं तिला फोनवर कळलं नाही, हे तिला आतून खात होतं.

रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. फ्लेक्सवाल्यानं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पद्माबाईचा फोटो मागितला. करुणाचा मोबाईल मागच्या वर्षी पाण्याच्या हौदात पडला होता. त्यातलं सगळं गेलं. तिच्या लग्नाच्या अल्बमात आई होती, पण रडून डोळे सुजलेली, अन् तीही बारा वर्षांमागची. पद्माबाईचा भाऊ कोंडीबा साखऱ्याहून आला होता. तो म्हणाला, "दाजी, एखादा चांगला हसरा फोटो बघा माझ्या बहिणीचा."

"फोटोची काय कमी हाय आपल्या घरी?" सोनाजी म्हणाला. "साडेचार हजार फोटो हायत."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर करुणानं लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यात घातलं. सोनाजी शेजारी खुर्ची ओढून बसला. पद्माबाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं. आपण काहीतरी तिच्या कामाला येतोय, असं वाटलं.

सांची आली. तोरणावरच्या दगडी हत्तीची सोंड, सोंडेतलं कमळ, कमळाची एकेक पाकळी. फोटो कसले, आरसे होते. सोनाजी सांगू लागला, हा हत्ती किती उंचावर व्हता, खालून बोटाएवढा दिसत व्हता.

"आई कुठंय?" करुणा म्हणाली.

"येईल पुढं."

बोधगया आली. बोधीवृक्षाच्या शेंड्यावरचं पान, पानाच्या शिरा. भिक्खूच्या बोटातली माळ. सारनाथच्या स्तूपाच्या भोकात बसलेला पोपट. राजगीरच्या डोंगरावरून दिसणारं कुठल्या तरी गावातलं एक छप्पर अन् छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या. करुणा बटण दाबत होती. दीड हजार झाले, दोन हजार झाले. सोनाजीचं बोलणं हळूहळू कमी झालं. एका फोटोच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा धूसर पट्टा दिसला तसा तो खुर्चीतून पुढं आला. "ही बघ! ही आईच."

"हा पदर हाय, बाबा."

आणखी एका ठिकाणी दोनतीन पांढरे केस वाऱ्यानं उडून चित्रात आले होते. करुणानं तिथं बोट ठेवलं अन् बराच वेळ उचललं नाही. तोवर बघितलेल्या हजारो फोटोंत आईचे तेवढेच केस होते.

सोनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंडीबा ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. त्याला काय सांगायचं? पोपटाच्या चोचीतला दाणा टिपलाय, तुझी बहीण तेवढी राहिली?

"अजून वेरूळ हाय," तो म्हणाला. "डिसेंबरात गेलो व्हतो. त्यात असंल."

वेरूळ उघडलं. पहिलाच फोटो हललेला. दुसराही. दहा नंबरच्या लेण्याच्या कमानीवर एक उडती मूर्ती आहे, तिचे एकापाठोपाठ सात फोटो होते, अन् सातही थरथरलेले. पुढचेही तसेच. करुणा थांबली.

"हे असे काहून झाले?"

"कॅमेरा बिघडला व्हता," सोनाजी म्हणाला. बोलायला विषय मिळाला म्हणून त्याला हायसं वाटलं. "तवापासून लई तकलीफ दिली त्यानं. नांदेडला दोनदा दाखवून आणला. दुकानवाला म्हणे काहीच खराबी न्हाई. त्यांना काय कळतंय? नंतरचे बघ की, सगळेच हललेत."

करुणानं नंतरचे बघितले. फेब्रुवारीत औंढ्याच्या तळ्यावर काढलेले, अर्धे हललेले. एप्रिलात कळमनुरीकडं इसापूरच्या धरणावर गेले होते तिथले तर सगळेच. पाण्यावरच्या पक्ष्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघोट्या. मग ती उलटी मागं गेली. सांची खडखडीत. बोधगया खडखडीत. मागच्या दिवाळीपर्यंत एकही फोटो हललेला नाही. तिनं तारखा बघितल्या. पुन्हा बघितल्या. तिचा चेहरा दवाखान्यातल्या नर्ससारखा झाला, घरातल्या लेकीसारखा राहिला नाही.

"कॅमेरा कुठं टेकवून काढायचे तुमी?"

"तुझ्या आईच्या खांद्यावर. तुला ठाऊक हाय की."

"ह्या मूर्तीचे सात फोटो काढले. सात बारीला तिला श्वास धरायला लावला?"

"हलून राहिली व्हती ना ती," सोनाजी म्हणाला.

त्याला वेरूळची ती दुपार लख्ख दिसली. जिना चढून आल्यावर पद्माबाई म्हणाली होती, जरा बसू द्या की. तो म्हणाला होता, उजेड जाईल, मग बस. तिच्या खांद्यावर कॅमेरा ठेवला तर खांदा खालीवर होत होता. तो चिडला होता. धड उभं राहता येत न्हाई का, म्हणाला होता. अन् ती, हे आठवून सोनाजीनं डोळे मिटून घेतले, ती म्हणाली होती, "चुकलं माझं. परत काढा. आता न्हाई हलत." सात वेळा तिनं श्वास धरून बघितला होता. सातही वेळा तिला तो धरवला नव्हता.

"तिला दम लागून राहिला व्हता, बाबा," करुणा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर सोनाजीला बरं वाटलं असतं. "डिसेंबरपासून. सगळं ह्यात हाय, तारखेवार."

तिनं लॅपटॉप मिटला अन् आत जाऊन रडली. सोनाजी खुर्चीवर तसाच बसून राहिला. 'तिनं कधी सांगितलंच न्हाई' हे वाक्य त्याला आता कुणासमोर उच्चारता येणार नव्हतं. आपल्या खांद्यावर हात टेकवून उभ्या असलेल्या माणसाला तिनं आणखी काय सांगायचं असतं?

शेवटी फ्लेक्सवर आधार कार्डावरचा फोटो गेला. फुगवून मोठा केला तशी पद्माबाई कुणा परक्या बाईसारखी दिसू लागली. नाकडोळे तेच, पण ओळख लागेना. रविवारी विहारात तो तथागतांच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबलावर ठेवला, हार घातला, मेणबत्त्या लावल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली. त्रिसरण, पंचशील झालं. भंतेजींनी अनित्यतेबद्दल चार शब्द सांगितले. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण माईकपाशी येऊन पद्माबाईबद्दल बोलू लागला. महिला मंडळाच्या मिराबाईनं तिच्या गोड गळ्याची आठवण सांगितली. कोंडीबा नुसता हात जोडून बसला.

सूत्रसंचालन करणाऱ्यानं सोनाजीचं नाव घेतलं. "पाईकराव साहेबांनी ताईंना सारा भारत दाखवला. असा जोडीदार नशिबानं मिळतो. साहेबांनी दोन शब्द बोलावेत."

सोनाजी उठला. माईकसमोर उभा राहिला. पुढं बसलेल्या करुणाकडं त्यानं एकदा बघितलं, मग फोटोकडं. त्याला वाटलं, नुसतं जयभीम म्हणून खाली बसावं. कोण विचारणार होतं? पण चार दिवस त्याच लोकांना त्यानं उलटं सांगितलं होतं, अन् त्या सांगण्यात दोष तिच्यावर जात होता. ते तसंच राहू देणं त्याला झेपेना.

"मी तुमाला सांगितलं का तिनं कधी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "ते खोटं हाय. ती सांगून राहिली व्हती. माझे फोटो हलायचे. तिला दम लागायचा म्हून हलायचे. मला वाटलं कॅमेरा बिघडला."



"म्हून मी तो नांदेडला नेला. दोन बारीला नेला. दोन्ही बारीला ती संगं व्हती." सोनाजीनं माईकची दांडी धरली. "दुकानाचा जिना तिला चढवला न्हाई. खाली पायरीवर बसली, पाणी पीत. समोर तीन दवाखाने व्हते, ओळीनं. मी वर गेलो. दुकानवाल्यानं कॅमेरा खोलला, बघितला, म्हणला काहीच खराबी न्हाई, घेऊन जा. अन् मी त्याच्याशी भांडलो. मी म्हणलं, असं कसं? नीट बघा हो. काहीतरी नक्की बिघडलंय."

करुणा उठली, त्याच्या हातातून माईक सोडवून घेतला अन् त्याला धरून आपल्या शेजारी बसवलं.