ट्रेलरवरची खुर्ची

"मिस्त्री, पंपाला खुर्ची कशाला? उभा राहून दमतो का तो?"

वेल्डरनं डोळ्यांवरची काच वर सरकवली आणि स्वतःच्याच विनोदावर असा हसला, की हातातला रॉड लटलट हलायला लागला.

"तू टाका मार," धाकटा म्हणाला. "आणि चारी पायांना गोल मार. नुसते ठिपके दिलेस तर पहिल्या खड्ड्यात माणूस खाली आणि खुर्ची वर."

"पण माणूस कुठला? बसणार कोण?"

"ज्याची आहे तो."

धाकटा म्हणजे धाकटा मिस्त्री. आता साठी उलटली, डोक्यावर जे काही उरलंय ते वाऱ्याच्या भरवशावर, पण नाव अजून धाकटाच. कारण थोरला होता. दोघा भावांचं पंपदुरुस्तीचं दुकान. कुणाचा पंप अडला, की लोक म्हणायचे, थोरल्याधाकट्याला बोलवा. एका दमात, एकाच माणसाचं नाव असावं तसं. थोरला कमी बोलायचा, धाकटा बडबडायचा. थोरला पंपाला कान लावून आजार सांगायचा, धाकटा आत हात घालायचा. थोरल्यानं लग्न केलं, धाकट्याचं राहून गेलं. का राहून गेलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. वहिनी दोघांना वाढायची आणि दोघांना सारखीच झापायची, त्यामुळं काही अडलंही नाही.

मग वहिनी गेली. थोरल्याची मुलगी आली आणि बापाला आपल्या गावी घेऊन गेली. "थोडे दिवस राहू देत काका, मन रमेल," म्हणाली. थोडे दिवस म्हणून गेलेला माणूस तिकडचाच झाला. दुकानाच्या वरच्या खोलीत धाकटा एकटा. खाली दोन पाट, एक रिकामा.

त्यात धंदाही बसला. हल्ली पंप दुरुस्त कोण करतं? बिघडला, टाक, नवा आण. तेव्हा धाकट्यानं हे नवं डोक्यात घेतलं. घरांच्या भिंती, छपरं शेवाळ धरून काळी पडतात. लोक जोराचा फवारा मारून ती धुतात, आणि शेवाळाबरोबर रंगही सोलून काढतात. त्यापेक्षा औषधाचं पाणी हलक्या हातानं सोडायचं. शेवाळ जागच्या जागी मरतं, मग साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. जोर पंपाचा नाही, औषधाचा. लहानसा बॅटरीवरचा पंप पुरतो. पंप म्हटल्यावर धाकट्याला कोण शिकवणार!

जुना ट्रेलर आणला. गंज खरवडला, रंग मारला. पहिल्या दिवशी टाकी जरा मागं बसवली आणि भरून पाहिली, तर ट्रेलरनं नाक वर केलं आणि आभाळ बघत उभा राहिला. टाकी रिकामी केली, सरकवली, बरोबर चाकांच्या कण्यावर आणली. मागं नळीचं रीळ. पुढं बॅटरीची पेटी. आणि डाव्या बाजूला फळीवर तीन कॉक ओळीनं: पाण्याचा, औषधाचा, साबणाचा. त्या फळीसमोर ही खुर्ची.

"एकट्यानं होतं हो हे काम," वेल्डर म्हणाला. टाके मारून झाले होते, आता तो बसून बघत होता. "कॉक कशाला फिरवत बसता? रिमोट मिळतो. खिशात टाका, नळी घेऊन छपरावर जा, तिथून बटण दाबा."

"रिमोट माझ्याशी भांडेल का?"

"आं?"

"औषध जास्त सोडलंस, म्हणेल का? हात चालव, म्हणेल का? मग काय करू त्याला घेऊन! एक माणूस नळीवर, एक कॉकवर. नळीवाला घराच्या मागं असतो, त्याला ट्रेलर दिसत नाही. तो ओरडतो, सोड! कॉकवाला सोडतो. बंद! तो बंद करतो. दादाचे गुडघे गेलेत, म्हणून खुर्ची. कळलं? आता पाठ टेकायला एक पट्टी मार."

"थोरले मिस्त्री येणार?" वेल्डरनं विचारलं.

"येणार म्हणजे? रोज बोलतो मी त्याच्याशी."

ते खरं होतं. रोज संध्याकाळी धाकटा फोन करायचा. पुतणी फोन बापाच्या हातात द्यायची आणि धाकटा सुरू व्हायचा. दादा, टाकी कण्यावर आणली. हो हो, थोरला म्हणायचा. दादा, रीळ फिरताना करकरतंय. हो, बरं, बरं. दादा, तुझ्याशिवाय कॉकवर कोण बसणार, येशील ना? येतो की! थोरला इतक्या झटकन म्हणायचा, की धाकट्याला त्या रात्री अन्न गोड लागायचं.

त्या 'येतो की'वर त्यानं पहिलं कामही घेऊन टाकलं. टेकाडावरच्या एका बाईंचं घर. छप्पर काळं ठिक्कर, भोवती हौसेनं लावलेली झाडं. "दोघं येऊ," त्यानं बाईंना सांगितलं. "माझा भाऊ आणि मी."

खरं सांगायचं, तर त्याला काम नको होतं, भाऊ हवा होता. पण दादा, मला करमत नाही, तू ये, असं काही ह्या माणसाच्या तोंडून निघणार नव्हतं. पंप बोलावतोय म्हणणं सोपं. म्हणून एवढा ट्रेलर बांधला.

धाकट्यानं पुतणीला सगळं सांगून दिवस कळवला होता. कामाच्या आदल्या दिवशी ती बापाला गाडीतून घेऊन आली. थोरला उतरला, काठी टेकत, जरा वाळलेला. धाकट्यानं त्याचा दंड धरला, तर त्यानं काठीनंच हात बाजूला केला.

"सोड. म्हातारा झालो नाही अजून. कुठंय तुझा रथ?"

आणि रथाला फेरी मारायला सुरुवात केली. बोलतच होता. टाकी बरी बसवलीस, कणा वाकायचा नाही. रंग कसला निवडलास, मिठाईच्या दुकानासारखा. नळी एवढी लांब कशाला, शेजारच्या गावात धुवायला जाणारेस? धाकटा मागून उत्तरं देत होता, थोरला पुढचंच बोलत होता. एवढा बोलका झालेला भाऊ बघून धाकट्याला बरं वाटलं. लेकीकडं मानवलंय, म्हणाला मनात.

फळीच्या मागं हात घालून थोरला थांबला. बोटांनी काहीतरी चाचपलं.

"हे काय? पितळ?"

"नळीच्या वळणाचं कोपर आहे. चांगलं जड आहे, जुन्या स्टॉकमधलं..."

"गाढवा! औषधाच्या लाइनीत पितळ? खाऊन टाकेल ते! हिरवं पाणी येईल आणि बाईंच्या भिंतीवर ओघळ उठतील. जन्मभर पितळ वापरलं म्हणून इथंही पितळ! प्लास्टिकचं लाव."

धाकट्याचे कान लाल झाले, पण आतून असा सुखावला म्हणता! किती दिवसांत कुणी गाढव म्हटलं नव्हतं. दोघं खाली वाकले. थोरल्यानं पाना धरला, धाकट्यानं पिळलं. कोपर निघालं, प्लास्टिकचं बसलं. पुतणीनं वरून चहा करून आणला, तो दोघांनी ट्रेलरच्या कडेवर ठेवला आणि तिथंच विसरले.

"आता बस," धाकट्यानं खुर्ची दाखवली.

थोरल्यानं खुर्ची पाहिली. पाठीची पट्टी हातानं दाबून पाहिली. बसला, काठी मांड्यांत धरली आणि कॉकवर हात ठेवला. तो हात तिथं असा शोभला, की फळी त्याच्यासाठीच केलीय हे आंधळ्यालाही कळावं.

टाकीत नुसतं पाणी भरलं होतं. धाकटा नळी ओढत दुकानाच्या मागं गेला, भिंतीसमोर उभा राहिला.

"सोड!"

काही नाही.

"दादा, सोड!"

पंप पुढं गुणगुणत होता, नळी कोरडी. झोपला की काय, म्हणून तो पुन्हा ओरडला. मग बऱ्याच वेळानं पाणी आलं, आपल्या मनानं आल्यासारखं. भिंत भिजली. धाकटा खूश होऊन ओरडला, "बंद!"

पाणी चालूच.

"बंद! दादा, बंद कर! अरे बंद!"

नळीचं तोंड मुडपून तो तसाच कोपऱ्यावरून पुढं आला. थोरला खुर्चीत ताठ बसला होता. कॉकवर हात, आणि नजर त्या कोपऱ्यावर खिळलेली. मास्तरांनी आपल्याला काय विचारलं ते न कळलेलं पोर बसतं, तसा. दुकानाच्या दारात पुतणी तोंडावर पदर धरून उभी होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "बाबांना ऐकू येत नाही. वर्ष झालं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. रोज तर बोलता."

"रोज बोलतो की! तो हो म्हणतो, येतो म्हणतो..."

"ते फोनवर सगळ्यांनाच हो म्हणतात, काका."

थोरल्यानं दोघांची तोंडं पाहिली. शब्द नसतील ऐकू आले, पण समजायचं ते समजला. त्यानं कॉक बंद केला.

"किती वेळा ओरडलास?" त्यानं विचारलं.

धाकट्यानं एक बोट वर केलं.

"खोटं बोलतोस." थोरला जरासा हसला. "मशीन आहे कानाला. घरी ठेवलंय. ते लावलं, की पंपात डोकं घालून बसल्यागत होतं, सगळंच घोंगावतं. फोनवर तुझे शब्द यायचे नाहीत रे. आवाज यायचा. आज धाकटा बराय, आज जरा सुस्त आहे, एवढं लागायचं. मला तेवढं पुरायचं."

धाकटा खाली बघत होता. मुडपलेल्या नळीतून त्याच्या बुटावर थेंब पडत होते.

"कॉकवर बहिरा माणूस बसवू नकोस," थोरला म्हणाला. "औषध आहे ते. तू बंद म्हणायचास, मी बसायचो बघत, आणि तुझे डोळे जायचे. ते रिमोट का काय, ते घे."

पुतणीची निघायची वेळ झाली, आणि थोरलाही तिच्याबरोबर परत निघाला. गाडीत बसल्यावर थोरला पट्टा लावायला लागला. पट्ट्याचं टोक त्याला सापडत नव्हतं. धाकटा खिडकीत वाकला आणि इतकी वर्षं जे निघालं नव्हतं ते अचानक बाहेर आलं.

"कॉकचं मरू दे. नुसता ये ना, दादा. वर बसून राहा. मला करमत नाही."

थोरल्याची मान खाली. पट्टा खट्कन बसला, तेव्हा त्यानं वर पाहिलं. "काय म्हणालास?"

पुतणीनं ऐकलं होतं. तिनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. "काका, परत सांगा त्यांना. समोर बघून, सावकाश सांगितलं की कळतं. जिना त्यांना झेपणार नाही, पण तुम्ही सांगा तर. नाहीतर तुम्हीच चला आमच्याकडे."

धाकटा सरळ झाला. वरच्या खोलीचा तो उभा जिना त्याला आठवला. काठी आठवली. खालून दादाला हाक मारली आणि वर ती पोचली नाही तर काय, तेही मनात आलं. मग तो पुन्हा वाकला, भावाच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "म्हटलं, कोपर, बरं, काढलंस."

"मग काय!" थोरला म्हणाला. "गाढव आहेस."

गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर टेकाडावर उभा राहिला तेव्हा बाई फाटकातच होत्या. त्यांनी मागं पुढं पाहिलं.

"दोघं येणार होता ना?"

"भावाला जमलं नाही."

"मग माझी झाडं? तुम्ही म्हणाला होता, औषध चालू असेपर्यंत झाडं भिजत ठेवायची, नाहीतर जळतील. मधूनमधून कॉक फिरवून साधं पाणी सोडायचं, म्हणून दुसरा माणूस."

"बघतो मीच. सांभाळून करतो."

आणि त्यानं केलं. कॉक उघडायचा, शिडी चढायची, हातभर छपरावर औषध सोडायचं. उतरायचं, कॉक बंद. बाईंची नळी धरून झाडं भिजवायची. परत कॉक, परत शिडी. खुर्चीला वळसा घालून जावं लागायचं आणि दर वेळी तिचा कोपरा मांडीला लागायचा. सकाळ अशी गेली. छातीचा भाता झाला तेव्हा शिडीच्या पायथ्याशी तो जरा टेकला.

बाई पायऱ्या उतरून आल्या. त्याच्या हातातली पाण्याची नळी घेतली.

"द्या इकडे. झाडं माझीच आहेत. तुमच्यानं आमच्यानं मिळून दुपारपर्यंत तरी उरकेल."

तो वर, त्या खाली. छप्पर काळ्याचं तपकिरी झालं, मग हळूहळू विटकरी. खालून पाण्याचा सपसप आवाज येत होता, तो धाकटा ऐकत होता. शेवटची ओळ धुऊन त्यानं खाली पाहिलं तर अंगणात कुणी नव्हतं. नळी नीट गुंडाळून नळाला अडकवलेली, दार लावलेलं.

काम संपलं, की पंपातून साधं पाणी सोडून सगळी लाइन धुवायची असते. औषध आत राहिलं तर पंप खातं. धाकट्यानं पाण्याचा कॉक उघडला आणि नळी कुंपणाच्या मुळाशी धरली. आधी वास आला, मग वास गेला, मग नुसतं निर्मळ पाणी. लाइन कधीच धुऊन झाली होती. पण पंप बारीक आवाजात गुणगुणत होता, पलीकडं कुणी काहीतरी बोलत बसावं तसा. उन्हाचा दिवस आहे, झाडांना अजून थोडं लागेल, असं मनाशी म्हणत धाकटा पाणी सोडत उभा राहिला.